वाचक विचारतात: सरड्याचं पोट आणि थंड तवा

मागच्या अंकात एका वाचकाला बिअर्डेड ड्रॅगनबद्दल चार ओळींत उत्तर दिलं होतं आणि वाटलं होतं विषय संपला, पण झालं उलटंच, मेलबॉक्स सरड्यांनीच भरला. कुत्रा-मांजरवाल्यांनो, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, रागावू नका. यावेळी सगळी जागा वाळवंटातल्या सरड्यांना आणि त्यातही त्यांच्या पोटाला, कारण आलेली बहुतेक पत्रं कुठूनही सुरू झाली तरी शेवटी शीवरच येऊन थांबतात. जेवताना अंक वाचायची सवय असेल तर हे पान नंतर वाचा.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी मूळची सोलापूरची, गेली बरीच वर्षं मेलबर्नला प्राण्यांची डॉक्टर आहे, साप-सरडे-कासवं हेच पेशंट जास्त. बिअर्डेड ड्रॅगन हा इथलाच, ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या लाल मातीतला, रागावला की गळ्याखालची दाढी फुगवून काळी करणारा दीड-दोन फुटी सरडा. आता तो अमेरिका, इंग्लंड, जर्मनी सगळीकडे पाळला जातो, इथे मात्र बऱ्याच राज्यांत तो पाळायला लायसन्स लागतं. पाळणारे प्रेमाने बिअर्डी म्हणतात, मीही तेच म्हणते.

प्रश्न: डॉक्टर ताई, आमच्या मुलाच्या बिअर्डीने (नाव हवालदार, वय दोन वर्षं) नऊ दिवस शी केलेली नाही. पोट टम्म झालंय, खाणं कमी झालंय, दिवसभर एका कोपऱ्यात पडून असतो. खाली दुकानातून आणलेली कॅल्शियमची वाळू आहे. टँकच्या काचेवर गोल मीटर लावलाय तो बरोबर ३५ दाखवतो. नवरा म्हणतो दोन थेंब एरंडेल देऊ. देऊ का? — एक आई, मेलबर्न

उत्तर: एरंडेल आधी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. सरड्याच्या तोंडात तेल ओतलं की ते पोटात कमी आणि फुप्फुसात जास्त जायची भीती असते, मग बद्धकोष्ठ राहतं बाजूला आणि न्यूमोनिया होऊन बसतो. लिक्विड पॅराफिन, इसबगोल, मुलांचं जुलाबाचं औषध, सगळ्यांना हेच उत्तर.

आता त्या मीटरकडे वळू, कारण माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. काचेवर चिकटवलेला गोल मीटर काचेजवळची हवा मोजतो, हवालदार ज्या दगडावर पोट टेकून बसतो तो दगड नाही मोजत. हार्डवेअरच्या दुकानात टेंपरेचर गन मिळते, ती आणा आणि दिव्याखालच्या दगडावर रोखा. तिथे ३८ ते ४२ डिग्री सेल्सिअस पाहिजे, म्हणजे अगदी आमच्या सोलापूरची मे महिन्यातली दुपार. टँकच्या दुसऱ्या टोकाला २२ ते २६, म्हणजे गरम झालं की त्याला सरकता यायला हवं. आत्ता जुलै आहे, तुमच्या घरात रात्री १५-१६ होत असेल, उन्हाळ्यात पुरणारा बल्ब आत्ता पुरत नसणार.

याचा पोटाशी काय संबंध असं कुणीतरी विचारतंच. आपण थंडीतही जेवतो आणि पचवतो कारण आपली शेगडी आत असते, सरड्याची शेगडी बाहेर असते. ऊन मिळालं नाही तर पाचक रस काम करत नाहीत, आतडी हलत नाहीत, अन्न जिथल्या तिथे पडून राहतं, मग ते नासतं, गॅस धरतो आणि शेवटी वरून किंवा खालून काहीतरी भलतंच बाहेर येतं. थंड तव्यावर भाकरी टाकली तर ती भाजत नाही, तव्याला चिकटून बसते, आतडीत तसंच. मी हे पुस्तकातून शिकले नाही हो, माझ्या पहिल्या बिअर्डीकडून शिकले. तेव्हा मी शिकत होते, असाच एक गोल मीटर होता, त्याच्यावर विश्वास ठेवून तीन आठवडे भरपूर रातकिडे खाऊ घातले आणि एका सकाळी बघते तर सगळे रातकिडे चादरीवर, पाय, मिशा, पंख जसेच्या तसे, जणू मघाशीच गिळलेत. दगड मोजला तर २९. प्राण्यांचा अभ्यास करणारी बाई आणि घरचा सरडा उपाशी, अजून कुणाला सांगताना लाज वाटते.

दुसरी गोष्ट वाळू. ही कॅल्शियमची वाळू खाल्ली तरी चालते असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि बिअर्डी ती खरंच चाटतात, विशेषतः अंगात कॅल्शियम कमी असेल तर जास्तच. पोटात जाऊन ती ओल्या सिमेंटसारखी बसते. आमच्याकडे एक पेशंट आला होता त्याच्या एक्स-रेमध्ये पोटाच्या जागी पांढरंशुभ्र काहीतरी दिसत होतं, मला आधी वाटलं फिल्म खराब आली. ऑपरेशन करावं लागलं. लोक म्हणतात जंगलात वाळवंटातच राहतात ना ते, तर हो, पण तिथली जमीन कडक, दाबलेली मातीची असते, सैल वाळूचा बीच नसतो, आणि तिथला सरडा तापलेला, पाणी प्यायलेला, धडधाकट असतो, त्यामुळे थोडी माती गेली तरी निघून जाते. आजारी सरड्याखाली फक्त वर्तमानपत्र किंवा किचन पेपर टाका, शी कशी झाली तेही कळतं.

आता आज रात्री काय करायचं ते. बाथटब नको, एक पसरट प्लास्टिकचं भांडं घ्या, ते यापुढे फक्त त्याचंच. पाणी ३२ ते ३५ डिग्री, मनगटावर घेतलं तर ना गरम ना गार असं, त्याच्या कोपरापर्यंत येईल इतकंच. पंधरा-वीस मिनिटं बसवा, आणि तुम्ही तिथेच बसा, फोन आला म्हणून उठू नका. पोटावरून छातीकडून शेपटीकडे बोटाने अगदी हलका हात फिरवा, कणीक मळतो तसं नाही, झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवतो तसं. मग पुसून दिव्याखाली. दिवसातून एकदा, दोन-तीन दिवस. तोवर किडे बंद, फक्त नाकावर पाण्याचे थेंब सोडा, तो चाटेल, आणि चाटलाच तर शिजवून कुस्करलेला लाल भोपळा चमचाभर.

दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर एक्स-रे. आणि मागचे पाय ओढत चालला, थरथरला, उलटी केली, दाढी तासन्‌तास काळीच राहिली किंवा शीच्या जागेतून लालसर काही बाहेर लोंबलं तर तीन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी निघायचं, लोंबलेला भाग ओल्या स्वच्छ कापडाने झाकून.

अजून एक, तुमचा हवालदार नक्की हवालदारच आहे ना? बिअर्डीच्या माद्या नर नसतानाही अंडी धरतात, दोन वर्षांच्या मादीचं पोट टम्म असेल तर ते बद्धकोष्ठ नसून वीस-पंचवीस अंडीही असू शकतात. माझ्याकडे आलेले तीन शेरू आणि एक बाजीराव मादी निघालेत.

प्रश्न: चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद. नातवाने पाच महिन्यांचा ड्रॅगन आणला आहे, नाव खंडू. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. सूनबाई फ्रीजमध्ये जिवंत अळ्यांचा डबा ठेवते, त्याच्या शेजारी माझं दही असतं. खंडूला शाकाहारी करता येईल का? वरणभात मऊ करून दिला तर? पालक तर त्याला आवडतो. — एक आजोबा, न्यू जर्सी

उत्तर: काका, नमस्कार. तुमचं दही आणि अळ्या शेजारी शेजारी, या दुःखात मी सहभागी आहे. पण खंडूला वारकरी करता येणार नाही, निदान आत्ता तरी नाही. पाच महिन्यांचं पिल्लू म्हणजे वाढतं अंग, त्याचं साधारण ऐंशी टक्के जेवण किडे आणि वीस टक्के पाला. दीड वर्षाचा झाला की ताट उलटं होतं, ऐंशी टक्के पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. म्हणजे तुम्ही वर्षभर कळ काढलीत तर तो बऱ्यापैकी तुमच्या पंगतीला येईल. तोवर सूनबाईंना एक छोटा वेगळा फ्रीज घेऊन द्या किंवा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आणायला सांगा, त्या बाहेर गार खोलीत राहतात आणि त्यांच्यात कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. पिवळ्या मीलवर्म अळ्यांचं टरफल कडक असतं, पिल्लाच्या पोटाला जड, त्या मोठा झाल्यावर कधीतरी.

आता जे कुणी विचारत नाही आणि जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. किडा केवढा? खंडूच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर आहे त्याहून मोठा नाही. लहान तोंडी मोठा घास ही म्हण सरड्यांसाठीच केली असावी, कारण मोठा किडा आतडीत अडकून बसलेले पेशंट दर वर्षी येतात. किडा देण्याआधी दिवसभर त्याला स्वतःला गाजर-पाला खाऊ घालायचा, उपाशी किडा म्हणजे रिकामं पाकीट. आणि वरून कॅल्शियमची पावडर, पिल्लाला जवळजवळ रोज. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि सरड्याला उलट पाहिजे, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. हे गणित चुकलं की हाडं तर मऊ होतातच पण आतडीचे स्नायूही ढिले पडतात, म्हणजे बद्धकोष्ठाचं मूळ कधी कधी हाडात असतं. जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लागला की समजायचं उशीर झालाय. पावडर टाकूनही उपयोग नाही जर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, ट्यूब नसेल तर, आणि ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवली असेल तर ती नसल्यातच जमा, काच ते किरण अडवते. ट्यूब उजेड देत राहते पण किरण संपतात, त्यामुळे वर्षभरात बदला, तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा.

पालक त्याला आवडतो यात नवल नाही, पण पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगाला लागू देत नाही, त्यामुळे पालक, चाकवत, राजगिरा, बीटचा पाला ही मंडळी पाहुणी म्हणून कधीतरी, रोजची नाहीत. रोजचं म्हणजे तिकडच्या दुकानात मिळणारी कॉलर्ड ग्रीन्स, मोहरीचा पाला, टर्निपचा पाला, डँडेलियन, एंडाइव्ह. देशी दुकानात शेवग्याचा पाला मिळाला तर उत्तम, लाल भोपळा किसून, आणि जास्वंद, पानं आणि फुलं दोन्ही, फवारलेली नसतील तर. काटे काढलेला फड्या निवडुंगही त्यांना आवडतो, मेक्सिकन दुकानात नोपाल म्हणून मिळेल. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे पाणी, पोट बिघडवायला बरं. फळं गोड म्हणून मागे लागतात पण आठवड्याला एखादा तुकडा पुरे. अॅव्होकाडो आणि कांदा-लसूण कधीच नाही. वरणभात नाही, पनीर नाही, दही नाही, तुमचं दही तुम्हीच खा. कुत्र्याचं खाणंही नाही, इतकं प्रोटीन त्याच्या किडनीला झेपत नाही.

आणि काका, एक खास न्यू जर्सीसाठी. जूनमध्ये तुमच्या अंगणात काजवे चमकतात, नातू ते बरणीत धरतो आणि मग वाटतं खंडूलाही एखादा देऊ. देऊ नका. तिकडच्या काजव्यांच्या अंगात विष असतं आणि एक काजवा मोठ्या बिअर्डीला मारायला पुरेसा होतो, हे अमेरिकेत खरंच घडलेलं आहे. नातवाला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. जाता जाता, पूर्ण शाकाहारी सरडा हवाच असेल तर युरोमॅस्टिक्स नावाचा उत्तर आफ्रिका-अरबस्तानातला सरडा असतो, तो पाला-फुलं-बिया खातो, कोरडी मसूरही खातो, फक्त त्याला दिव्याखाली ५० डिग्री लागतात. खंडूला बदलून नव्हे हं, पुढच्या नातवासाठी.

प्रश्न: मॅम, पुण्यात एक्झॉटिक पेट्स ठेवतो. पावसाळा सुरू झाल्यापासून माझा बिअर्डी अर्धवट पचलेलं काढतोय, शीमध्ये पाला तसाच्या तसा. टेंपरेचर गन आहे, दगड ४० आहे. दुसरं, एकजण राजस्थानचा सांडा स्वस्तात देतोय, त्याचा डाएट सांगा. — कॉलेजवाला, पुणे

उत्तर: गन आहे म्हणजे तू अर्धी लढाई जिंकलीस, पण तू मोजलंस कधी? लाइट असताना ना? पावसाळ्यात तुमच्याकडे दिवसा दोन-तीन तास लाइट जाते, तू कॉलेजात, आणि सकाळी साडेआठला पोटभर खाऊ घालून निघालास, अकराला चूल विझली. तुझ्या पत्रात लाइट जाण्याचा उल्लेखच नाहीये पण मला पैजेवर सांगता येईल. दिव्याला इन्व्हर्टरची लाइन जोड, नाहीच जमलं तर घरात कुणीतरी असेल त्या दिवशीच किडे दे. लाइट लागल्यावर तास-दोन तास त्याला तापू दे मग जेवण, आणि दिवा बंद व्हायच्या निदान तीन तास आधी शेवटचा घास. जेवण झाल्यावर लाइट गेलीच तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेव, पोटाखाली थेट नको, भाजेल.

तरी थांबलं नाही तर शी तपासून घे, पावसाळ्यात दिव्याखाली येणारे किडे पकडून घातलेस का? ते बंद कर, त्यांच्यावर डासांची फवारणी बसलेली असते आणि पोटात जंत असतात. हिरव्या पाल्यावर सकाळची पाण्याची फवारणी करून ठेवली की दुपारपर्यंत तुमच्या हवेत तो सडायला लागतो, तेव्हा उरलेला पाला तासाभरात उचल. पाऊस उघडला की गॅलरीत अर्धा तास खरं ऊन दे, पण काचेच्या टँकसकट नाही, तो भट्टी होतो, आणि कावळ्यांवर लक्ष ठेव.

सांडा घेऊ नकोस. तो आपल्या थरच्या वाळवंटातला, वन्यजीव कायद्याने संरक्षित, पकडणं-विकणं-पाळणं गुन्हा आहे. आधीच त्याच्या तेलाच्या नावाखाली रस्त्यावर त्याचे जे हाल चालतात ते पुरेसे आहेत, आणि ते तेल म्हणजे साधी चरबी, बाकी जे सांगतात ते सगळं थोतांड. डाएट विचारतोयस तर तो तिथलं गवत-पानं-फुलं खातो, तिथेच खाऊ दे. विकणाऱ्याची माहिती वनविभागाला दे.

प्रश्न: डॉक्टर मावशी, मी बारा वर्षांची आहे. माझ्या लेपर्ड गेकोची (ठिपक्यांची पाल) शेपूट आधी गाजरासारखी जाड होती आता पेन्सिलसारखी झालीये. शी पातळ होते आणि घाण वास येतो. मी त्याला काकडी पण देऊन बघितली. तो मरेल का? — बर्मिंगहॅम

उत्तर: बाळा, तू शेपटीकडे बघितलंस हे फार छान केलंस, कितीतरी मोठी माणसं बघत नाहीत. गेकोची शेपूट म्हणजे त्याचा डबा असतो, चरबी तिथे साठवतो आणि खायला मिळालं नाही की तिथून काढून खातो. शेपूट बारीक म्हणजे डबा रिकामा होत आलाय. म्हणून वाट बघायची नाही, याच आठवड्यात आईबाबांना घेऊन सरडे बघणाऱ्या डॉक्टरकडे जायचं.

काकडी नको. लेपर्ड गेको पाला-भाजी खातच नाही, तो फक्त किडे खातो. तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या भारताच्या वायव्य टोकाकडचा, दगडांच्या फटीत राहणारा. खालच्या गरम जागी ३१ ते ३३ डिग्री आहे का बघ, कमी असेल तर पचणार नाही.

डॉक्टर शी तपासतील. कधी साधे जंत निघतात, औषध दिलं की शेपूट परत भरते. कधी क्रिप्टो नावाचा जंतू निघतो, तो वाईट असतो, त्याच्यावर खात्रीचं औषध नाहीये, हे तुला खोटं सांगणार नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट असते, डॉक्टरांना विचार. तोवर त्याची वाटी, चिमटा दुसऱ्या गेकोला वापरू नकोस आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धू, प्रत्येक वेळी. काय निघालं ते मला नक्की कळव.

प्रश्न: रेप्टाइल एक्स्पोमधून तीन महिन्यांचं पिल्लू आणलं, पंधरा दिवस झाले, सारखे जुलाब, इतका वास की हॉलमध्ये बसवत नाही. घरात कुत्र्याचं जंताचं औषध आहे, थोडं देऊ का? माझी बहीण म्हणते जुलाब थांबवायची माणसांची गोळी चुरून दे. — डॅलस

उत्तर: बहिणीचं ऐकू नका. जुलाब थांबवायची गोळी आतडीच थांबवते, सरड्याची आधीच मंद, मग जंतू आणि घाण आत कोंडून राहते. कुत्र्याचं औषधही नको, कारण कशावर देताय तेच माहीत नाही. जंताचं औषध जास्त झालं तर सरडा मरू शकतो आणि वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला थोडं म्हणजे किती हे डोळ्याने नाही ठरवता येत.

नवीन पिल्लू, एक्स्पो, वास मारणारे जुलाब, असं ऐकलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं कॉक्सिडिया. हा सूक्ष्म जंतू बहुतेक बिअर्डीत थोडाफार असतोच, पण प्रवासाचा ताण, गर्दी, थंडी झाली की फोफावतो, आणि त्याची खोड अशी की शीतून बाहेर पडतो आणि त्याच सरड्याच्या तोंडातून परत आत जातो, शीवरून चालायचं मग तेच पाय ताटात. म्हणून नुसत्या औषधाने भागत नाही, शी दिसली की लगेच उचलायची, कागद रोज बदलायचा, लाकडी फांदी-बिंदी टाकून द्यायची. ब्लीचला तो दाद देत नाही, वाफेला देतो, दगड-वाट्या उकळत्या पाण्यातून काढा. दुसरी शक्यता पिनवर्म नावाचे बारीक जंत, ते थोडे असतील तर आम्ही बरेचदा औषधच देत नाही, सरड्याच्या पोटात थोडे बिऱ्हाडकरू चालतात. आणि भावंडांपेक्षा पिल्लू फारच खुरटं असेल, वाढतच नसेल तर एडिनोव्हायरसची टेस्ट करून घ्या, त्याच्यावर इलाज नाही पण घरात दुसरा बिअर्डी असेल तर कळायला हवं.

शी ताजी न्यायची, वाळलेली नाही. छोट्या डबीत, त्याच दिवशी. लगेच जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा पण डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या एका पेशंटच्या सासऱ्यांनी चिंचेची चटणी समजून झाकण उघडलं होतं. शीचा पांढरा भाग बघितलात का? ती त्याची लघवी असते, मऊ पांढरी असेल तर ठीक, पिवळी-केशरी आणि खडूसारखी कडक असेल तर पाणी कमी पडतंय. जुलाबाच्या पिल्लाला पाणी सगळ्यात आधी, रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात बसवा.

थोडक्यात दोन. कॅनबेराच्या ताईंनी विचारलंय की तीन वर्षांचा बिअर्डी दोन आठवडे झोपूनच आहे, खात नाही, शी नाही. थंडीत मोठे बिअर्डी अशी लांब झोप घेतात, घाबरू नका, पण झोपण्याआधी पोट रिकामं झालं होतं का हे आठवा, अर्धवट जागं करून घास भरवू नका, आणि दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन करा. वजन जवळजवळ तेच राहिलं तर झोपू द्या, भराभर उतरलं तर ती झोप नाही, आजार आहे. वर्षाच्या आतल्या पिल्लाची मात्र अशी झोप कधीच गृहीत धरू नका.

सिडनीच्या एका होणाऱ्या आईला काळजी आहे की सरडा घरातून काढावा का. काढू नका, पण किचनच्या सिंकमध्ये त्याची आंघोळ आजपासून बंद. धडधाकट सरड्याच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू असतो, त्याला काही होत नाही, आपल्याला होतं. अमेरिकेत २०१२ ते २०१४ मध्ये बिअर्डीमुळे साल्मोनेलाची साथ आली होती, त्यात निम्म्याहून जास्त आजारी पाच वर्षांपर्यंतची मुलं होती. साफसफाई नवऱ्याकडे द्या, हे एक चांगलं निमित्त आहे. बाळ आल्यावर सरडा ओट्यावर, सोफ्यावर फिरवायचा नाही आणि बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायचे, कपड्यावर चढला असेल तर कपडेही बदलायचे.

छापायला जाता जाता: पहिल्या पत्रातल्या आईंना मी उत्तर आधीच मेलवर पाठवलं होतं, नऊ दिवस झालेत म्हटल्यावर अंकाची वाट कशी बघणार. त्यांनी गन आणली, दगड २८ निघाला. बल्ब ७५ वॅटचा होता तो १५० चा केला, दगड थोडा वर उचलला, ४० आले, वाळू काढून वर्तमानपत्र टाकलं, तीन संध्याकाळी आंघोळ. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला मला फोटो आला, खाली लिहिलेलं, ताई झाली!!! मी तेव्हा पोह्यांचा पहिला घास घेत होते. फोटो झूम करून बघितला, वाळूचे दाणे दिसत होते, म्हणून उरलेली किती आहे ते बघायला एक्स-रेसाठी बोलावलंय. आणि हो, एक्स-रेच्या निमित्ताने हवालदार की हवालदारीण तेही बघून घेणार आहे.